पाच वड आणि त्यांच्यामागचं रान

नाशिकची पंचवटी ज्या वडांच्या नावानं ओळखली जाते, ते काळाराम मंदिराजवळ, सीतागुंफेच्या परिसरात आहेत. दुकानं, रिक्षा आणि यात्रेकरूंच्या वर्दळीत लोक त्यांना हात जोडतात आणि पुढं जातात. रामाच्या वनवासाची खूण म्हणून त्यांचा मान मोठा आहे. पण वाल्मीकींचं अरण्यकांड उघडलं, तर अगस्त्यांच्या सांगण्यावरून राम जिथं येतो ती पंचवटी म्हणजे भरगच्च रान आहे. साल, ताड, तमाल, फणस, आंबा, अशोक, चाफा, केवडा, खैर, शमी, पळस अशी झाडांची लांबलचक यादी कवी देतो. शेजारून हंस-चक्रवाकांनी गजबजलेली गोदावरी वाहते. राम या जागेला पुण्यभूमी म्हणतो आणि त्याच श्वासात तिथल्या पशुपक्ष्यांची समृद्धी सांगतो. पुराणपरंपरेत तर पंचवटी म्हणजे पिंपळ, बेल, वड, आवळा आणि अशोक अशी पाच वेगवेगळ्या जातींची झाडं, आपापल्या दिशेला लावलेली. यातून एक गोष्ट ध्यानात येते. पवित्र झाड एकट्याच्या बळावर पवित्र होत नाही. ते आपल्या भोवतालच्या भूमीचं प्रतिनिधी असतं आणि त्याचं पावित्र्य त्या भूमीकडून आलेलं असतं.

हे केवळ आपल्याकडचंच नाही. युरोपच्या पश्चिम टोकाला, केल्टिक आयर्लंडच्या जुन्या स्थलकथांतही पाच महावृक्ष येतात. त्यांतला एक ओक, एक यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष आणि बाकीचे तीन अ‍ॅश जातीचे. मुग्ना इथल्या ओकला ओकफळं, सफरचंदं आणि हेझलनट अशी तीन प्रकारची फळं लागत, असं कथा सांगते. एकाच झाडावर सगळ्या रानाचा मेवा, अशी ही कल्पना. अशा वृक्षाखाली टोळीच्या सभा भरत, राजाला राजपद दिलं जाई. म्हणूनच दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेल सेख्नॅल या राजानं शत्रूच्या मुलखात घुसून माग अधर इथला राज्याभिषेकाचा वृक्ष तोडला, तेव्हा त्या कुळाच्या भूमीवरच्या हक्काला त्यानं जाहीर आव्हान दिलं. झाडावर घाव घातला की तो भूमीवर बसतो, हे वैऱ्यालाही पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडं हे नातं हळूहळू आक्रसत गेलेलं दिसतं. महाकाव्यात रान होतं, लोकस्मृतीत पाच वड उरले आणि ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेला शहरी बाजारात त्या वडाचीही तोडलेली फांदी विकायला येते. सावित्रीच्या कथेत वड महत्त्वाचा आहे तो त्याच्या सावलीमुळं आणि दीर्घायुष्यामुळं. पारंब्या जमिनीत रुजवून नवं खोड उभं करणारं हे झाड अखंडतेचं प्रतीक झालं, यात नवल नाही. मात्र आयुष्य मागण्यासाठी त्याचीच फांदी तोडायची, म्हणजे चिन्ह ठेवून अर्थ टाकून द्यायचा.

यावर कुणी म्हणेल, एकेका झाडावरच्या श्रद्धेनं निदान ते झाड तरी वाचतं. हे खरंच आहे. आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथं रस्त्याच्या आखणीत परीचं मानलं जाणारं एक हॉथॉर्नचं झुडूप आलं. एडी लेनिहान या कथाकारानं १९९९ मध्ये त्यासाठी आवाज उठवला आणि ते राखलं गेलं. नाशकातही उंटवाडीचा जुना वड उड्डाणपुलाच्या वाटेत आला, तेव्हा नागरिक उभे राहिले आणि २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तो वाचवायला सांगितलं. पण अशा यशाला एक मर्यादा आहे. ज्या झाडाला कथा आहे, वय आहे, बुंध्याशी देव आहे, त्याच्यासाठी माणसं पटकन जमतात. शेजारच्या बिननावाच्या शेकडो झाडांचं काय?

हाच प्रश्न २०२५ च्या अखेरीस तपोवनात उभा राहिला. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायला तिथली सुमारे अठराशे झाडं बाधित होणार, हे कळल्यावर नाशिककरांनी विरोध केला. साधूंना जागा लागते आणि ती झाडं काही रामाच्या काळातली नव्हेत, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पण ज्या भूमीला तपोवन म्हणून मान आहे, तिथं तपासाठी येणाऱ्यांना जागा करायला वनच हटवायचं, हे त्या मानाशी विसंगत आहे. झाड पन्नास वर्षांचं की पाचशे, हा मुद्दा गौण ठरतो. कारण पावित्र्य तिथल्या वनपणाचं आहे.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा. झाडं राखायला श्रद्धा कशाला, १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जाही आहे. कायदा हवाच. मात्र कायदा झाडं मोजतो आणि तोडलेल्याच्या बदल्यात रोपं लावायला सांगतो. अमुक जागा अदलाबदलीच्या पलीकडची आहे, हा भाव त्याच्यात मावत नाही. तो भाव देवराईत आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला. जिथं जुना दंडक टिकला, तिथं वाळकी काटकीसुद्धा देवाची. देवराईत पूजेला एखादं झाड असेल, पण राखलं जातं सगळं रान: वेली, झुडपं, बुरशी, पाण्याचा झराही. ब्रह्मगिरीवर गोदावरी औदुंबराच्या मुळाशी प्रकटली, असं परंपरा मानते. म्हणजे तिथंही झाड, डोंगर आणि पाणी एकाच गोष्टीत गुंफलेले आहेत.

म्हणून पंचवटीच्या वडांना कुंपण घालून जबाबदारी संपत नाही. गोदाकाठ, तपोवन आणि ब्रह्मगिरीचे उतार एकाच देवराईसारखे मानावेत, आणि सिंहस्थाचा आराखडा झाडांच्या जागा आधी ठरवून मग मांडव कुठं पडतील ते पाहणारा असावा. श्रद्धेला यात काही सोडावं लागत नाही. उलट तिच्या मूळ ग्रंथात जेवढं रान होतं, त्याच्या थोडं जवळ जाता येतं.