निनांवी सैनिकी बिल्ला

दुसऱ्या महायुद्धांत लढलेल्या पणजोबांच्या टोपीवरील पितळी बिल्ला जुन्या पेटींतून निघाला कीं घरांत प्रथम चिंच आणि राख यांची आठवण होते. ही घाई घातक आहे. कारखान्याचें नांव नसलेल्या बिल्ल्याची ओळख त्याच्या पाठीवरच असते आणि घासण्यानें ती पुसली जाते.

प्रथम पाठ पाहावी. हिंदुस्थानांत ओतलेल्या बिल्ल्यांची पाठ बहुधा खरखरीत असते. बर्मिंगहॅमचे बिल्ले पोलादी ठशानें उठविलेले असत. ठशांतील बारीक तडा त्याखालून निघालेल्या प्रत्येक नगावर उमटतो. नांव असलेल्या एखाद्या नगावर तोच दोष आढळला आणि मागील कडीं व डाखही जुळले, तर कर्ता बहुधा तोच समजावा. मात्र जुन्या ठशांवरून मागाहून नकलाही निघाल्या आहेत, हें विसरूं नये.

अमोनिया असलेलें पॉलिश पितळेला लावूं नये. हिंदुस्थानांत तबेल्यांजवळ सांठविलेलीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रांतून सुटणारा अमोनिया हें त्याचें कारण १९२१ सालीं उलगडलें. ठोकून घडविलेल्या बिल्ल्यांतही तसाच ताण राहिलेला असतो.

ऊर्ध्वपातित पाणी, किंचित् सौम्य साबण व मऊ ब्रश एवढें पुरे. मिना असल्यास बिल्ला भिजवूं नये. तो लगेच टिपून पूर्ण वाळवावा. काळसर झांक तशीच राहूं द्यावी. हिरवी भुकटी पुनःपुन्हा येऊं लागल्यास मात्र संग्रहालयांतील जाणत्यास दाखवावें.