पऱ्हाटी आपली, शिकले परदेशी!

मागच्या उन्हाळ्यात मानोरा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बांधावर पऱ्हाटीचा ढीग जळत होता. "चुलीपुरती ठेवली ताई, बाकी काय कामाची?" एक बाई म्हणाली. मला एकदम आफ्रिका आठवली! मैत्रिणींनो, हसू नका. सांगते.

पश्चिम आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे देश आपल्यासारखेच कापसावर जगणारे. श्रीमंत देशांच्या अनुदानामुळे जगात कापसाचे भाव पडतात, ही तक्रार त्यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडली. पण नुसतं भांडून पोट भरत नाही. त्यांची बहुतेक रुई गाठी बांधून परदेशी जाते आणि सूत-कापडाचा नफा दुसऱ्याच्या खिशात! जगाच्या बाजारात नीट उभं राहायचं तर तंत्र शिकायला हवं. म्हणून भारताने २०१२ पासून काही वर्षे या चौघांसह नायजेरिया, युगांडा आणि मलावीला कापसाची शेती आणि जिनिंगसाठी तांत्रिक मदत दिली.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने टांझानिया, युगांडा, झांबिया आणि झिम्बाब्वेसाठी कापसाच्या उरलेल्या भागांपासून कमाईचा प्रकल्प घेतला. त्यांना शिकवायला कोण? आपली 'सिरकॉट', म्हणजे कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था. मुख्यालय मुंबईत, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरात! पऱ्हाटीचा भुगा दाबून जळणाच्या कांड्या होतात. तुकडे भिजवून, वाफवून त्यावर धिंगरी अळिंबी पिकते, तीही ओलसर झोपडीत, तीन-चार आठवड्यांत. उरलेल्याचं खत होतं.

म्हणजे सातासमुद्रापलीकडचे लोक हे शिकले आणि वाशिमची पऱ्हाटी अजून बांधावरच जळते. याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? शिवाय पऱ्हाटी तशीच पडून राहिली, तर तिच्यावरच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. २०१७ चा फटका आपण विसरलेलो नाही.

वेचणी करून कंबर आपली मोडते. मग पऱ्हाटीचे चार पैसेही आपल्याच पदरात का पडू नयेत? रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. गटाने मिळून तिथे जावं, विचारावं. मात्र आधी गिऱ्हाईक पाहा, मग झोपडी बांधा. अळिंबी दोन दिवसांत नासते. ती घेणारं हॉटेल, दुकान जवळ हवं. कर्ज काढून घाई नको.

येत्या हंगामात काडी लावण्याआधी एवढा विचार नक्की करा!