दूरदर्शक, हौशी : चल भागांची निगा

हौशी निरीक्षकाच्या दूरदर्शकाचे (दुर्बिणीचे) दोन मुख्य भाग असतात : खस्थ पदार्थाची प्रतिमा तयार करणारा प्रकाशीय भाग आणि ती प्रतिमा दृष्टिक्षेत्रात आणून तेथे टिकवून ठेवणारा यांत्रिक भाग. दुसऱ्या भागात दोन अक्षांवर फिरणारी बैठक, तिचे धारवे (फिरत्या दांड्याला आधार देणारे भाग), दंतचक्रे, क्लच, प्रतिभार व नेत्रिका पुढेमागे सरकविणारी यंत्रणा यांचा समावेश होतो. आरशाची काळजी सहसा घेतली जाते. चल भागांकडे मात्र ते अडेपर्यंत दुर्लक्ष होते. परिणामी आरसा उत्तम असूनही दूरदर्शक अडगळीत पडतो.

गती व घर्षण : पृथ्वीचे एक परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होत असल्याने विषुववृत्ताजवळचा तारा आकाशात दर सेकंदाला सु. १५ विकला सरकतो. १०० पट वर्धन असताना दृष्टिक्षेत्र साधारणतः अर्धा अंश असते. तेव्हा असा तारा सु. दोन मिनिटांत ते ओलांडून जातो. म्हणून नळी वारंवार अगदी थोडी सरकवावी लागते. स्थिर वस्तू हलविण्यास लागणारे घर्षण (स्थितिक घर्षण) हे ती हलत असतानाच्या घर्षणापेक्षा (गतिक घर्षणापेक्षा) बरेच जास्त असेल, तर नळी प्रथम जागची हलत नाही आणि मग झटक्याने पुढे जाते व ग्रह दृष्टीआड होतो. याउलट घर्षण फारच कमी झाल्यास नळी जागी ठरत नाही. त्यामुळे घर्षण नाहीसे करणे हा देखभालीचा हेतू नसून ते सम राखणे हा आहे.

बैठकीचे प्रकार : अमेरिकन हौशी ज्योतिर्विद जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बैठकीत लाकडी पेटी टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकलेल्या गुळगुळीत प्लॅस्टिकलेपित पृष्ठावरून सरकते. या जोडीचे स्थितिक व गतिक घर्षण जवळजवळ सारखे असल्याने दंतचक्रांवाचूनही गती सुरळीत मिळते. बनविण्यास सोपी म्हणून ही बैठक हौशी निर्मात्यांत रूढ झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून हौशी निरीक्षणाची परंपरा जोपासली आहे, तर पुण्यातीलच आयुका (स्थापना १९८८) या संस्थेत हौशी व्यक्तींना स्वतः आरसा घासून दूरदर्शक तयार करण्यास शिकविणाऱ्या कार्यशाळा झाल्या आहेत.

विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. त्यामुळे तो एकच अक्ष फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. जोझेफ फ्राउनहोफर यांनी डॉर्पाट (आताचे टार्टू, एस्टोनिया) वेधशाळेसाठी केलेल्या दूरदर्शकात (१८२४) अशा अक्षाला घड्याळी यंत्रणा जोडलेली होती. आधुनिक हौशी बैठकीत हे काम विद्युत् चलित्र व मळसूत्री दंड करतात. दंतचक्रास १४४ दाते असल्यास दंडाचा एक फेरा म्हणजे २·५ अंश होतात व त्यास सु. १० मिनिटे लागतात. दंडावर कचरा चिकटला, तर दर दहा मिनिटांनी तीच चूक पुन्हा दिसते. दंड व दाते यांच्यात ढिलाई असल्यास दिशा बदलताना अक्ष काही काळ फिरतच नाही. एक कला ढिलाई भरून निघण्यास ताऱ्याच्या गतीने ४ सेकंद लागतात.

देखभालीचा क्रम : प्रथम दोन्ही अक्षांवर तोल साधावा. यासाठी क्लच सैल करून, नळी हाताने धरून प्रतिभार सरकवितात. तोल नसताना दंतचक्रे घट्ट करणे म्हणजे दोष झाकून झीज वाढविणे होय. त्यानंतर जुने वंगण पूर्ण पुसून काढतात. धातूच्या भागांसाठी थोडे रॉकेल चालते. मात्र ते ज्योतीपासून दूर, मोकळ्या हवेत वापरावे आणि प्लॅस्टिक, रंग व प्रकाशीय पृष्ठे यांना लागू देऊ नये. मग दात्यांवर ग्रीजचा पातळ थर देतात. शेवटी दंड दंतचक्राच्या इतका जवळ आणतात, की ढिलाई कमी व्हावी, परंतु पूर्ण फेऱ्यात कोठेही अक्ष जड होऊ नये.

वंगण : मध्यम घट्टपणाचे लिथियमयुक्त ग्रीज बहुतेक दंतचक्रांस पुरते. क्रियाशील गंधक असलेले वंगण पितळेस खराब करते. घरगुती तेले टाळावीत : खोबरेल सु. २४° से.खाली गोठते, तर जवसाचे तेल हवेत वाळून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. घर्षणावरच चालणाऱ्या भागांना वंगण मुळीच लावत नाहीत. क्लचची पृष्ठे, टेफ्लॉनच्या जोड्या आणि रुळांच्या साहाय्याने नेत्रिका सरकविणारी क्रेफर्ड यंत्रणा हे असे भाग होत; ते केवळ स्वच्छ व कोरडे ठेवतात. दंतपट्टीवर चालणाऱ्या यंत्रणेस मात्र अल्प ग्रीज लागते.

स्थानिक परिस्थिती : निगा कशी राखावी हे स्थानाच्या अक्षांशावर व हवामानावरही अवलंबून असते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे भंडारा व तुमसर यांच्या दरम्यानचे तालुक्याचे ठिकाण त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. त्याचा अक्षांश सु. २१° उ. असल्याने तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो व विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा राहतो. वजनाचा सु. ९३% घटक अक्षाला लंब दिशेत धारव्यांवर येतो. लंडनच्या अक्षांशावर तो सु. ६२% असतो. त्यामुळे धारव्यांची खालची बाजू नीट तपासावी लागते. नळीचा भार उत्तरेकडे झुकत असल्याने तिपाईचा एक पाय उत्तरेस ठेवतात आणि प्रतिभाराचा दांडा त्या पायाला अडत नाही, हे हाताने फिरवून पाहतात.

हा भातशेतीचा व तलावांचा प्रदेश आहे. पावसाळ्यात हवा दमट असते, तर निरीक्षणास योग्य असा निरभ्र हंगाम सुरू होतो तेव्हाच भाताच्या कापणी–मळणीची धूळ उडू लागते. ग्रीजमध्ये मिसळलेली धूळ पॉलिशच्या लेपासारखे काम करून दाते झिजविते. म्हणून बाहेर आलेले जादा ग्रीज लगेच पुसणे आवश्यक असते. उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो, तेव्हा ग्रीजमधील तेल पाझरून क्लचपर्यंत पोहोचते व अक्ष घसरू लागतो. तर हिवाळ्यातील थंड रात्री तेच वंगण घट्ट होते. म्हणून पावसाळ्यानंतर एकदा व उन्हाळ्यानंतर एकदा तपासणी करणे सोयीचे ठरते.

साठवण : निरीक्षणानंतर दव पूर्ण वाळल्याशिवाय दूरदर्शक झाकू नये, ओलसर नळी प्लॅस्टिकमध्ये बांधल्यास गंज व बुरशी या दोहोंस वाव मिळतो. कोरड्या खोलीत सुती आच्छादनाखाली, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून तो ठेवावा. विद्युत् घट काढून घ्यावेत, कारण त्यांतून पाझरणारा द्रव संपर्कपट्ट्या खातो. महिन्यातून एकदा क्लच सैल करून दोन्ही अक्ष पूर्ण फिरवावेत. क्लच आवळलेला असताना नळी हाताने ढकलल्यास दाते तुटण्याचा संभव असतो. शाळा वा मंडळाच्या सामाईक दूरदर्शकाजवळ शेवटची स्वच्छता, वापरलेले वंगण व आढळलेला दोष यांची नोंदवही ठेवल्यास सांभाळणारी व्यक्ती बदलली, तरी यंत्र वापरात राहते.