काचेतला तार षड्ज

मांडवातला लाउडस्पीकर फाटायला लागला की ऑपरेटर शिव्या खातो. इलेक्ट्रिक गिटारवाले मात्र नेमक्या त्या फाटण्यासाठी पैसे मोजतात, तेही पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनलेल्या, अॅम्प्लिफायरमधल्या काचेच्या व्हॉल्व्हसाठी.

ईसीसी ८३ हा त्यातला सर्वांत ओळखीचा; अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. जेमतेम अंगठ्याएवढी काच, खाली नऊ पिना. आत मधोमध निकेलची बारीक नळी, तिच्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. नळीतली तार तांबूस तापली की लेपातून इलेक्ट्रॉन निसटू लागतात. बाहेरच्या पत्र्याच्या प्लेटवर शेकडो व्होल्ट असतात, ती त्यांना ओढून घेते. वाटेत केसासारख्या तारेची जाळी. ली डी फॉरेस्टने १९०६ साली या वाटेत ही जाळी घातली आणि सगळा खेळ बदलला. गिटारची इवलीशी थरथर जाळीवर पोचते, जाळी इलेक्ट्रॉनांचा लोंढा कमी-जास्त करते आणि प्लेटवर तीच थरथर कितीतरी मोठी होऊन उमटते. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी आरसा शोभेचा नाही. तो बेरियमचा थर, आत उरलीसुरली हवा शोषायला. काचेला तडा गेला की तो दुधासारखा पांढरा पडतो. असा व्हॉल्व्ह सरळ फेकून द्यावा.

खरी गंमत जाळीवर झेपेल त्याहून मोठी लाट आली की सुरू होते. एका टोकाला जाळी स्वतःच इलेक्ट्रॉन गिळू लागते, दुसऱ्या टोकाला लोंढाच आटतो. दोन्ही टोकं सारखी चेपली जात नाहीत, आणि या असमान चेपण्यातून मूळ स्वरात नसलेले स्वर जन्मतात. दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे तार षड्ज, तिप्पट कंपनांचा म्हणजे तार सप्तकातला पंचम! गिटारवर छेडलेला असतो एकच सा. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याची एक तार भरलेली वाटते, तसाच हा भरलेपणा. मात्र ‘व्हॉल्व्ह म्हणजे सम पटींचा गोडवा’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. मोठ्या अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात आणि त्यांनी जन्माला घातलेल्या सम पटी बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. तिथला कडकपणा विषम पटींचा असतो.

मग एका व्हॉल्व्हचा आवाज दुसऱ्याहून वेगळा कसा? याचं सुरेख उदाहरण लंडनच्या हॅनवेलमध्ये घडलं. ड्रम शिकवणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली जेटीएम ४५ हा अॅम्प्लिफायर तयार झाला. सर्किटचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा फेंडरच्या बासमन या अमेरिकी अॅम्प्लिफायरचा. पण फेंडर पहिल्या जागी १२एवाय७ लावत होता, मार्शलने तिथे ईसीसी ८३ बसवला. वाढवण्याची ताकद पंचेचाळीसच्या आसपास होती ती थेट शंभरवर गेली. शेवटच्या टप्प्यात ५८८१च्या जागी लवकरच ब्रिटिश केटी ६६ आले. आवाज लवकर फाटू लागला, जाड झाला. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर १९६६ साली एरिक क्लॅप्टनने वाजवलेल्या गिटारचा आवाज याच घराण्यातला. अर्थात सगळं श्रेय व्हॉल्व्हला देणं अन्यायाचं होईल. ट्रान्सफॉर्मर वेगळे होते, आणि फेंडरचे दहा इंची स्पीकर जाऊन बारा इंची आले होते.

एकाच जातीच्या दोन जुन्या व्हॉल्व्हमधला फरक याहून खूप बारीक. ब्लॅकबर्नला बनलेला मलार्ड उबदार, तळाच्या काचेवर हिऱ्याची खूण असलेला टेलिफंकन स्वच्छ, असं शौकीन शपथेवर सांगतात. फरक असतो, नाही असं नाही. पण एकाच कारखान्यातले दोन नगही सारखे निघत नाहीत, आणि जो किंचित मोठा वाजतो तो कानाला हमखास ‘चांगला’ वाटतो. आवाजाची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय झालेली तुलना मी तरी मानत नाही. शिवाय डब्यावरच्या नावावर जाऊ नये: कंपन्या एकमेकींचा माल स्वतःच्या नावाने विकत. आपल्याकडेही, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यातला ईएल ८४ म्हणजे ज्याचे चार नग व्हॉक्सच्या एसी ३० या अॅम्प्लिफायरमध्ये लागतात, तोच. त्यामुळे आपल्या दिवाणखान्यातल्या रेडिओसाठी बनलेले हे नग आता परदेशी गिटारवालेही शोधतात.

आणि एक व्हॉल्व्ह असा आहे, ज्यातून गिटारचा सूर जातच नाही. तो फक्त एसीचा डीसी करतो. फेंडरच्या डिलक्स या छोट्या अॅम्प्लिफायरमधला ५वाय३ असाच. तार जोरात छेडली की त्याच्यावर ताण येतो, व्होल्टेज क्षणभर बसतं, आवाज आधी दबतो आणि मग हळूच फुलून वर येतो. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, वाजवणाऱ्याच्या बोटांना लगेच कळतं. त्याच्या जागी सिलिकॉनचे डायोड लावून पाहणारे आहेत. सूर तडक येतो खरा, पण प्लेटवरचं व्होल्टेजही वाढतं आणि शेजारचे व्हॉल्व्ह लवकर मरतात.