गेममधला पाऊस, तेलगावचा पाऊस

माइनक्राफ्ट या गेममध्ये पाऊस सुरू झाला की तो साऱ्या जगावर एकाच क्षणी सुरू होतो. दहा ते वीस मिनिटे टिकतो. वाळवंटात तेवढा वेळ आभाळ नुसते झाकोळते, उंच डोंगरावर बर्फ पडतो. प्रत्येक प्रदेशाला तापमानाचा आकडा नेमून दिलेला आहे. ढग कुठून आले, हे गेम विचारतच नाही.

बीड जिल्ह्यातल्या तेलगावला सगळा प्रश्न तोच आहे. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्री चढताना थंडावतात, बाष्प कोकणात आणि घाटमाथ्यावर रिते करतात. खाली उतरताना ते पुन्हा तापतात आणि मराठवाडा पर्जन्यछायेत राहतो. मग भिस्त उरते ती बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि वळवाच्या सरींवर. वळीव तर असा, की एक शिवार भिजते आणि शेजारचे कोरडे राहते. पण मोजणी होते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, आणि एका मंडळात अनेक गावे असतात. चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. म्हणजे एकरी सुमारे 2 लाख 60 हजार लिटर पाणी. ते सोयाबीनवर कोसळले आणि मापकावर नाही, तर नोंदीत अतिवृष्टी नसते.

गेममध्ये चार घरांच्या खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या की पाणी कधीच आटत नाही. इकडे सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात पाणी कमी पडले, तर पैठणच्या उजव्या कालव्याकडे डोळे लागतात.