पाण्यात पोहणारा संत्र्याचा शत्रू

पावसाळ्यात संत्र्याच्या बागेत दोन-चार दिवस पाणी साचून राहिले की मुळे कुजतील व खोडातून डिंक गळू लागेल, अशी धास्ती बागाईतदारास वाटते. ती रास्तच आहे. मात्र डिंक्या रोग केवळ साचलेल्या पाण्याने होत नाही. त्या पाण्यातून फायटोप्थोरा नावाचा सूक्ष्म जीव पोहत मुळांपर्यंत येतो. ‘वनस्पतींचा नाश करणारा’ अशा अर्थाचे हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ साली योजिले. व्यवहारात आपण त्यास बुरशी म्हणतो. तथापि त्याचे खरे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी आहे.

जमीन पाण्याने भरली की या जीवाच्या बीजाणूंच्या पिशव्या फुटतात व त्यांतून पोहणारे चलबीजाणू बाहेर पडतात. चलबीजाणू मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. इतक्या लहान जीवास पाणी काकवीसारखे दाट भासते. पोहताना आपण हात थांबविले तरी शरीर थोडे पुढे सरकते. चलबीजाणू मात्र हालचाल थांबताच जागीच थांबतो. यासाठी त्यास चाबकासारखे दोन तंतू असतात. पुढच्या तंतूवर ताठ केसांच्या रांगा असून, तंतूत लाटा उठल्या की हे केस पाणी मागे रेटतात व देह पुढे ओढला जातो. मागचा गुळगुळीत तंतू वळण्याच्या कामी येतो. मुळांतून पाझरणाऱ्या शर्करा व अमिनो आम्ले यांचा माग काढीत तो कोवळ्या मुळाशी पोहोचतो, तंतू टाकून देतो, भोवती कवच निर्माण करतो आणि मुळात अंकुर घुसवितो.

मातीत स्वतःच्या बळावर तो काही सेंटिमीटरच जाऊ शकतो. वाहते पाणी मात्र त्यास एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे सहज नेते. तेव्हा त्याची वाट तोडणे हाच खरा उपाय होय. पावसाळ्यापूर्वी उताराच्या दिशेने चर काढून पाण्याचा निचरा करावा. ओलितासाठी दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी बुंध्यास लागणार नाही. कलमाचा जोड मातीत पुरला जाऊ देऊ नये. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे.

शत्रू डोळ्यांस दिसत नाही. परंतु त्याचा मार्ग दिसतो. तो मार्ग बंद करणे शेतकरी बंधूंच्या हाती आहे.