कूम्ब्स सीरम : थंडी टिकली तरच तपासणी खरी

नांदेडहून माहूरला येणारा कापड-किराणा वाटेत उन्हाने तापला तरी फारसा बिघडत नाही. लॅबसाठी येणाऱ्या कूम्ब्स सीरमच्या बाटलीचे तसे नाही. डी.एम.एल.टी. करून लॅब थाटणाऱ्या किंवा लॅबच्या सामानाची एजन्सी घेणाऱ्या आपल्या तरुणांनी हा माल नीट ओळखावा.

रक्तात संरक्षण करणारी प्रथिने असतात. आय.जी.जी. व कॉम्प्लिमेंट ही त्यांतलीच. ती कधी तांबड्या पेशींना चिकटून पेशींचा नाश करतात. त्यांना पकडणारे प्रतिद्रव्य म्हणजे कूम्ब्स सीरम. इंग्लंडमध्ये कूम्ब्स, मूरंट व रेस यांनी १९४५ साली ही तपासणी मांडली. रक्त चढवण्यापूर्वीची क्रॉसमॅच, आर.एच. निगेटिव्ह गरोदर स्त्री, नवजात बाळाची कावीळ यांत तिचा उपयोग होतो.

वापर

क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमसोबत ३७ अंशांवर ठेवतात. मग पेशी सलाईनने किमान तीनदा धुऊन सीरमचे थेंब टाकतात. गुठळ्या झाल्या तर ते रक्त देऊ नये. धुण्यात कसर राहिली की उरलेली प्रथिने सीरमची ताकद खाऊन टाकतात आणि धोक्याचे रक्तही निर्धोक दिसते. म्हणून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत कंट्रोल पेशी टाकाव्यात. तरीही गुठळ्या झाल्या नाहीत, तर तपासणी रद्द समजून पुन्हा करावी.

साठवण

बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. गोठल्याने सीरम खराब होते. फ्रिजच्या दारातही नको, तिथे तापमान सारखे बदलते. आत थर्मामीटर ठेवून रोज नोंद करावी. वीज गेल्यास फ्रिज उघडू नये. माल आणताना थंड पेटी वापरावी, पण बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नये. गढूळ झालेली वा मुदत संपलेली बाटली फेकावी. बहुतेक सीरममध्ये सोडियम अझाइड हे विष असते. ते मोरीत टाकल्यास भरपूर पाणी सोडावे.

धंद्याची गोष्ट

विक्रीसाठी अन्न व औषध प्रशासनाची रीतसर नोंदणी घ्यावी. बिलावर बॅच नंबर व मुदत लिहावी. तापलेली बाटली पाहून ओळखता येतेच असे नाही, आणि गिऱ्हाईक विश्वासाने घेते. मालातला ऐब लपवून विकू नये, ही आपल्या दीनची शिकवण. इथे ऐब लपवला तर नुकसान पैशाचे नाही, कुणाच्या तरी जिवाचे होते. शंका आली की बाटली बाजूला काढावी. तेवढा तोटा सोसण्यातच हलाल रोजी आहे.